थांबा, ठोके होऊ द्या

"थांबा, ठोके व्हऊ द्या."

जळगावच्या आमच्या शाळेत तुम्ही सकाळी लवकर आला असता, तर हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागलं असतं. फाटकाशेजारच्या पायरीवर अक्का बसलेल्या असायच्या. मांडीवर छोटा रेडिओ, त्याची एरियल कधीच मोडलेली आणि तिच्या जागी सायकलची तार खोचलेली. डाव्या मनगटावर चावीचं मोठं पुरुषी घड्याळ. त्याच्या पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडलेली. घड्याळाची चावी त्या नखाने बाहेर ओढून धरायच्या आणि मान रेडिओकडे वाकवायच्या. बातम्यांआधी रेडिओवर ठोके पडतात, ते आठवत असतील तुम्हाला. त्यातल्या शेवटच्या ठोक्याला अक्का चावी आत दाबायच्या, उठायच्या, पदर झटकायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता बोला."

तोवर कुणीही आलं तरी थांबायचं. एकदा तपासणीला आलेले साहेब दारात होते. तेही थांबले.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायचो. मूळचा धुळ्याचा, आणि निवृत्त झाल्यावर परत धुळ्यालाच येऊन राहिलो आहे. अक्का शाळेच्या शिपाई. त्यांचे यजमान त्याच शाळेत शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी अक्कांना घेतलं. मनगटावरचं घड्याळ त्यांचंच. मी रुजू झालो त्या दिवशी अक्कांनी पाण्याचा पेला पुढे करत माझं गाव विचारलं. धुळं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांचं माहेर साक्रीकडचं.

"म्हणजे माहेरकडले," त्या म्हणाल्या.

तेवढ्या ओळखीवर माझ्या चहात साखर जास्त पडू लागली. पुढे मला मधुमेह झाला तरी ती पडतच राहिली. जळगावात इतकी वर्षं काढूनही त्यांचं बोलणं अर्धं शाळेतलं आणि अर्धं माहेरचं होतं. हेडसरांशी बोलताना त्या शाळेतलं बोलायच्या, आणि माझ्याशी बोलताना हळूच माहेरचं, म्हणजे 'आहे'ला 'शे' आणि 'आहेत'ला 'शेत'.

घंटा अक्कांकडे होती. व्हरांड्यात टांगलेली पितळेची जाड थाळी आणि एक लाकडी हातोडा. पहिला टोल त्या जपून द्यायच्या, मग बाकीचे मोकळ्या हाताने. कुणी शिक्षक तास लांबवू लागला की त्या त्याच्या वर्गाच्या दाराशी येऊन नुसत्या उभ्या राहत. मनगट तेवढं पुढे धरायच्या. मला त्यांनी असं कितीदा बाहेर काढलं याची गणती नाही.

आमच्या भूगोलाच्या सरांनी एकदा त्यांची गंमत करायची ठरवली. मोबाइलवर आता रेडिओ ऐकता येतो, हे तुम्हाला माहीतच आहे. सरांनी सकाळी पायरीवर अक्कांशेजारी बसून मोबाइल लावला आणि म्हणाले, "अक्का, टाका ते डबडं. हे ऐका, किती स्वच्छ आवाज येतो." तेवढ्यात अक्कांच्या रेडिओचे ठोके झाले, त्यांनी चावी दाबली, आणि नंतर बऱ्याच वेळाने सरांच्या मोबाइलवर तेच ठोके वाजू लागले.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "सर, हे शिळे ठोके शेत."

भूगोलाचे सर माझ्याकडे आले. मी त्यांना समजावलं की इंटरनेटवरून आवाज येतो तो साठत साठत येतो, म्हणून मागे पडतो. अक्का बरोबर आहेत. हे समजावताना मला फार मजा आली होती. समजावण्याची मला हौस होती, आणि त्या हौसेपायीच पुढचं सगळं झालं.

लिहायला घेतलंय खरं, पण या वयात जुनी गोष्ट उकरून काढायची म्हणजे दमायला होतं. तरी सांगतो, कारण आता नाही सांगितली तर राहूनच जाईल.

एका जूनमध्ये आमचा एक जुना विद्यार्थी जर्मनीहून आला. तिथे चांगल्या नोकरीला लागलेला, शाळेवर जीव असलेला मुलगा. त्याने शाळेला भिंतीवरचं एक घड्याळ भेट दिलं. पांढरं, गोल, साधंच दिसणारं. पण ते आपलं आपण बरोबर होतं, असं तो म्हणाला. हेडसर हरखले. आमचे हेडसर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना परदेशी वस्तू आणि शिस्त या दोन्हींचं फार प्रेम होतं, आणि इथे दोन्ही एकाच डब्यात आली होती. सभागृहात मुलं बसवली, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही सांगा, हे कसं चालतं."

मी आदल्या दिवशी सगळं वाचून ठेवलं होतं. सांगत सुटलो. जर्मनीत एक मनोरा आहे. तो रात्रंदिवस एक रेडिओलहर सोडत असतो. तिला वेळ पुरवणारं घड्याळ अणूवर चालतं, लाखो वर्षांत सेकंदाचाही फरक पडत नाही. दर सेकंदाला ती लहर क्षणभर क्षीण होते. अगदी थोडा वेळ क्षीण झाली तर शून्य, त्याच्या दुप्पट वेळ झाली तर एक. असे शून्य आणि एक जोडत जोडत एका मिनिटात तास, मिनिट, वार, तारीख, सगळं पाठवून होतं. या घड्याळाच्या पोटात एक छोटी एरियल आहे. रात्री लहरी दूरवर पोचतात, तेव्हा हे घड्याळ कान देऊन तो निरोप ऐकतं आणि आपले काटे जुळवून घेतं. बाकी दिवसभर ते साध्या घड्याळासारखं आतल्या स्फटिकावर चालतं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घड्याळात सेल घातला. काटे झरझर फिरत बारावर गेले आणि तिथेच उभे राहिले.

"आता ते वाट बघतंय," मी म्हणालो. "रात्री पकडेल."

ते रात्री पकडणार नव्हतं. डब्यातला कागद मी पुन्हा वाचला तेव्हा शेवटच्या ओळी दिसल्या. त्या मनोऱ्याची हाक फार तर दोन हजार किलोमीटर पोचते. जळगाव त्याच्या तिपटीहून लांब. आपल्याकडे या घड्याळांसाठी असा मनोरा नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळ कचेरीच्या भिंतीवर, बारावर उभं. तिसऱ्या दिवशीही बारावर. हेडसर येता-जाता त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागले. शनिवारी तो विद्यार्थी निरोप घ्यायला पुन्हा शाळेत येणार होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी मागे राहिलो. कचेरीत कुणी नव्हतं. चपला काढून स्टुलावर चढलो, घड्याळ उतरवलं. मागे एक बारीक बटण होतं, ते दाबून काटे हातानेच जुळवले आणि घड्याळ परत टांगलं. शनिवारी हेडसरांनी माझी पाठ थोपटली. "पकडलं बरं का, सर." तो विद्यार्थी खूश होऊन गेला.  एका दिवसाची गोष्ट, सवडीने सांगू हेडसरांना, असं मनाशी म्हटलं.

सोमवारी अक्का प्रयोगशाळेत झाडायला आल्या. झाडता झाडता म्हणाल्या, "सर, एक इचारू? ते घड्याळ जर्मनीचं ऐकतं ना?"

"हो."

"मंग त्यानं जर्मनीचा टाईम दाखवाले पाहिजे. हे तं आपला दाखवतं."

मी परीक्षानळ्या पुसत होतो. इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला कुठल्या विद्यार्थ्याने विचारला नव्हता. ते घड्याळ जळगावची वेळ दाखवत होतं, हाच ते कुणाचंच ऐकत नसल्याचा पुरावा होता. मी म्हणालो, "आत चिप असते, अक्का. ती हिशेब करते."

"असं," अक्का म्हणाल्या आणि केर भरून निघून गेल्या.

साधं सेलचं घड्याळ दिवसाला अर्धा-एक सेकंद पुढे-मागे होतंच. म्हणून तर आपण ते अधूनमधून लावतो. आमच्या कचेरीतलं घड्याळ मात्र कुणी लावेना, कारण ते आपलं आपण बरोबर होणारं. दिवाळीपर्यंत ते दोन मिनिटं पुढे गेलं होतं. हेडसर त्याच्यावर पाहून उशिरा येणाऱ्या शिक्षकांच्या नावापुढे तांबडी खूण करायचे. कुणी मोबाइल पुढे केला तर म्हणायचे, "मोबाइलचं मला सांगू नका. हे अणूवर चालतं." आमच्या क्लार्कने तर आपलं मनगटी घड्याळ त्याच्याशी जुळवून घेतलं. आज सगळे गेले की लावून टाकू, असं मी रोज मनात म्हणायचो. पण कचेरीत नेहमी कुणीतरी असायचं, किंवा माझी बस असायची, किंवा मीच कंटाळलेला असायचो. आळसाला कारणं कमी पडत नाहीत.

घंटा तेवढी अक्कांच्या मनगटावरच चालत होती. हेडसरांनी एक-दोनदा हटकलं. अक्का "हो सर" म्हणायच्या आणि सकाळी पायरीवर बसून ठोक्यांची वाट पाहायच्या.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली. आमच्या शाळेत केंद्र. परीक्षेच्या दिवसांत शाळेतले सगळे मोबाइल हेडसरांच्या कपाटात बंद असतात. भूमितीचा पेपर होता. अकराला सुरू, एकला संपायचा. सकाळी हेडसर कॉपी रोखायला आलेल्या भरारी पथकातल्या लोकांबरोबर फाटकाजवळ उभे होते, त्यामुळे सुरुवातीची घंटा अक्कांनी आपल्या घड्याळावर दिली. शेवटची दहा मिनिटं उरल्याची घंटाही त्यांनीच दिली, आपल्याच घड्याळावर; तेव्हाही हेडसर बाहेरच होते. मी कचेरीत बसून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांसाठी दोरे कापत होतो.

हेडसर आत आले आणि त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "एक वाजला. अक्का, द्या घंटा."

अक्का दारात होत्या. मनगट पाहून म्हणाल्या, "सर, आजून चार मिनिटं बाकी शेत."

"अक्का, परीक्षा आहे ही. तुमचं ते रेडिओचं राहू द्या. पथकाची माणसं बाहेर आहेत, एक मिनिट उशीर नको."

"सर, लेकरं लिहून राह्यली..."

"विज्ञानाचे सर बसलेत इथे. विचारा त्यांना, कोणतं घड्याळ बरोबर."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. हेडसरांनीही पाहिलं. बाहेर पथकातला एक जण डोकावत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की भिंतीवरचं घड्याळ मी हाताने लावलंय आणि नऊ महिने कुणी पाहिलेलं नाही. वाक्य लहान होतं. पण ते म्हटलं की जूनपासूनचं सगळं सांगावं लागलं असतं. टाळ्या, पाठ थोपटणं, सगळं.

"द्या, अक्का," मी म्हणालो.

अक्का गेल्या. घंटा झाली. त्या दिवशी पहिला टोलही जपून नव्हता.

पर्यवेक्षकांच्या मनगटावर घड्याळं होती. पण घंटा झाल्यावर आपलं घड्याळ कोण बघतं? उत्तरपत्रिका गोळा झाल्या. बहुतेक मुलांचं लिहून झालं होतं, त्यांनी थोडी कुरकुर केली आणि निघून गेली. एक मुलगी मात्र बाकावरून उठेना. जळगावातल्याच मेहरूण भागातली होती, अक्कांच्या घरापासून दोन घरं सोडून राहणारी. तिने वर्तुळ काढलं होतं, त्याला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या राहिल्या होत्या. दहा मिनिटांच्या घंटेनंतर सहाच मिनिटं झाली, हे तिने आपल्या घड्याळावर पाहिलं होतं. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. कंपास अजून हातात धरलेला होता.

तिचे वडील दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आले. हेडसरांनी आधी त्यांना घड्याळ दाखवलं. मग कपाटातून मोबाइल काढून ताडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वर उत्तर द्यावं लागणार होतं. दोन दिवसांनी अक्कांच्या हातात कागद पडला. घंटा वेळेआधी दिल्याबद्दल लेखी खुलासा करा.

अक्का तो कागद घेऊन प्रयोगशाळेत आल्या. दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसल्या.

"सर, लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं शे."

"काय लिहू?"

"लिहा, माझ्याकडून नजरचुकीनं झालं."

मी पेन हातात घेतलं आणि ठेवलं. "अक्का, मी हेडसरांशी बोलतो. ते घड्याळ..."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "त्या शुक्रवारी मी कुलूप लावाले आल्ती. तुमच्या चपला स्टूलखाली व्हत्या. मी दारातून सगळं देखेल शे."

 मी विचारलं, "मग तेव्हाच हाक का नाही मारलीत?"

"हाक मारती तं तुम्ही वरथून पडतात," अक्का म्हणाल्या. हसल्यासुद्धा थोड्या. मग पदराने कागद सरळ करत म्हणाल्या, "लिहा, सर. माझी दोन वर्षं राहिली. ती झाडझूड करत निघी जातील. तुमले आजून पोरांसमोर उभं ऱ्हानं शे."

आणि मी लिहिलं. यापुढे माझी गय करू नका. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, की माझ्या नजरचुकीने घंटा चार मिनिटं आधी दिली गेली, पुन्हा असं होणार नाही. खाली अक्कांनी सही केली. सही करताना त्यांनी नेहमीप्रमाणे नावाखाली रेघ ओढली, आणि कागद घेऊन गेल्या.

त्यांच्या सेवापुस्तकात इतक्या वर्षांत पहिली नोंद झाली. घंटेला हात लावायचा नाही, असं हेडसरांनी सांगितलं. महिन्याभरात शाळेत आपोआप वाजणारी घंटा बसली. पितळी थाळी उतरवून कोठारात ठेवली. कचेरीतलं ते घड्याळ कुणीतरी मोबाइलवर पाहून लावलं आणि पुढे त्याच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

निकालाच्या दिवशी अक्का माझ्याकडे आल्या. "पास व्हयनी," त्या म्हणाल्या. "भूमितीत मार्क कमी पडेल शेत. पण डिप्लोमाले मिळी जाई म्हणे." त्या मुलीच्या घरी जाऊन, पायरीवर बसून, तिचा निकाल स्वतः पाहून त्या आल्या होत्या. त्या घरातल्या बाईने त्यांना आत बोलावलं नव्हतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते मला फार नंतर कळलं.

पायरीवर त्या तरीही बसायच्या. रेडिओ, सायकलची तार, नखाने ओढलेली चावी. ठोके झाले की उठायच्या, पदर झटकायच्या आणि झाडू घ्यायच्या. एक दिवस मला वाटून गेलं, मी सभागृहात ज्या घड्याळाचं वर्णन केलं होतं, ते हे. दिवसातून एकदा कान देऊन ऐकायचं, आणि बाकी वेळ आपल्या जिवावर बरोबर चालायचं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. माझ्या बोलण्याचा मलाच कंटाळा आला होता.

दोन वर्षांनी अक्का निवृत्त झाल्या. शाल, नारळ आणि शाळेतर्फे भिंतीवरचं एक घड्याळ. कुणाच्याही ध्यानात आलं नाही की यांना तरी घड्याळ देऊ नये. निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. आज सांगायचंच, असं ठरवून उभा राहिलो. वक्तशीरपणा, प्रामाणिकपणा, सेवाभाव असं काही काही बोललो. मग जरा थांबलो आणि म्हणालो, "एक गोष्ट मात्र..." तेवढ्यात आपोआप वाजणारी घंटा वाजली. मुलं उठली. हेडसरांनी हात जोडले. मी घंटा संपायची वाट पाहून पुन्हा बोलू शकलो असतो. अक्का माझ्याकडे पाहून मान हलवत होत्या, राहू द्या अशी. मी राहू दिलं.

पुढे मीही निवृत्त झालो आणि धुळ्याला आलो. अक्का गेल्या, हे मला तब्बल चार महिन्यांनी कळलं, तेही पेन्शनच्या एका कागदासाठी जळगावला शाळेत गेलो तेव्हा. कचेरीत आता नवे लोक आहेत. भिंतीवर ते जर्मन घड्याळ अजून आहे. कुणीतरी त्याचा सेल बदलला होता. काटे बारावर जाऊन उभे होते, आणि त्याला हाताने लावायचं असतं हे कुणाला माहीत नव्हतं. मी तसाच बाहेर पडलो आणि मेहरूणची रिक्षा केली.

अक्कांची लेक घरी होती. एका दवाखान्यात कामाला जाते, त्या दिवशी तिला सुट्टी होती. मला ओळखलं, पाणी दिलं. दोन खोल्या, स्वच्छ सारवल्यासारखी फरशी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी अक्कांचा फोटो आणि त्याच्यावर शाळेने दिलेलं घड्याळ. खाली फळीवर तो रेडिओ, सायकलच्या तारेसकट.

"आई रोज ठोक्यावर लावायची ते," ती म्हणाली. "हात पोचेना तेव्हा मला चढवायची. आता चार महिने कुणी हात लावला नाही. पुढे गेलंय."

मी माझं मनगट पाहिलं. खरंच पुढे गेलं होतं, मिनिटभर.

"सर, तुम्ही लावून देता का?" ती म्हणाली. "आई म्हणायची, सरांना घड्याळ लावता येतं."

तिच्या बोलण्यात काही नव्हतं. ती सरळ विचारत होती. तिने कोपऱ्यातलं स्टूल आणलं. मी चपला काढल्या, चढलो, घड्याळ उतरवलं. सेल काढून काटे थांबवले आणि पुढच्या तासावर आणून ठेवले. दुपारच्या बातम्यांना दोन-तीन मिनिटं होती. तिने रेडिओ सुरू केला. मी एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात सेल धरून स्टुलावर उभा राहिलो.

"इथं गल्लीत अजून चार मिनिटवाली अक्का म्हणतात तिला," लेक खालून म्हणाली. "परवा तिच्या फोटोला हार आणायला गेले, तर फुलवाला म्हणाला, कोण, चार मिनिटवाली? एवढ्या वर्षांत एकच चूक झाली हो, सर, तिच्याकडून."

मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. अक्कांचा फोटो माझ्या छातीएवढ्या उंचीवर होता.

"तिच्याकडून नाही झाली," मी म्हणालो. "माझ्याकडून झाली."

आणि मग सांगितलं. बारीक बटण, चिप असते म्हणून मारलेली थाप, 'द्या, अक्का' हे शब्द, आणि तो खुलासा, जो माझ्या अक्षरात आहे. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. मध्येच केव्हातरी रेडिओवर ठोके झाले. मी ते ऐकले, शेवटचाही ऐकला, पण सेल माझ्या मुठीतच राहिला. बातम्या सुरू झाल्या.

लेकीने रेडिओ बंद केला.  ती आपल्या आईच्या फोटोकडे पाहत होती. मी हळूच खाली उतरलो.

"आईनं मलासुद्धा नाही सांगितलं," ती म्हणाली.

"माफ कर," मी म्हणालो.

"हे मला नका सांगू, सर." तिचा आवाज चढला नव्हता. "ठोके आता संध्याकाळी होतील. बसा तोवर."

तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि दारात गेली. दोन घरं पलीकडे, भूमितीचा पेपर अर्धा राहिलेल्या त्या मुलीच्या घराकडे तोंड करून तिने हाक मारली, "काकू, जरा येता का घरी? काकांनाही आणा. आईच्या शाळेतले सर आलेत. त्यांना तुम्हाला काही सांगायचंय."

मी बसलो. घड्याळ मांडीवर थांबलेलं होतं, सेल अजून मुठीतच होता. बाहेर कुणीतरी चपला पायात सरकवल्या आणि त्या वाजत दाराकडे येऊ लागल्या.